मांजरीला दूध नको, पाणी द्या

‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण घरोघरी, म्हणून दूध हेच तिचं अन्न असा समज. तो चुकीचा आहे. पिल्लू साधारण 8 आठवड्यांचं होऊन आईचं दूध सुटलं की लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, आंबते. पोट गुडगुडतं, पातळ शी होते. ती वाटी चाटूनपुसून साफ करते ते चवीपायी, पचतं म्हणून नव्हे.

4 किलोच्या मांजरीला अन्नातलं धरून दिवसाला सुमारे 200 मिली पाणी लागतं. मांजरखाद्याच्या कोरड्या दाण्यांत ते जेमतेम 10 टक्के. पसरट वाटी शीच्या ट्रेपासून लांब ठेवा.

आईविना पिल्लालाही गाईचं दूध नकोच. मांजरपिल्लांची दूधपावडर कोमट पाण्यात कालवा आणि पिल्लू पालथं ठेवून पाजा. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं.