‘कोड आलाय का बघ’ : एका लॉगिनवर अनेक जण, या भांडणाची पार्श्वभूमी

रात्री साडेनऊला सांगलीहून आईचा ठाण्याच्या मुलाला फोन येतो. “अरे, टीव्ही आकडे मागतोय. तुझ्या मोबाइलवर आलेत का बघ, पंधराच मिनिटं चालतात म्हणे.” खातं मुलाचं, टीव्ही आईचा, आणि मधे शेकडो किलोमीटर. नेटफ्लिक्सने भारतात ही ‘घर एक, खातं एक’ची सक्ती २० जुलै २०२३ला सुरू केली. पण पासवर्ड वाटून घेण्यावरचं हे भांडण ओटीटीच्या कितीतरी आधीचं आहे.

त्याचं मूळ १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सापडतं. तिथे फर्नांडो कोर्बाटो यांच्या पुढाकाराने सीटीएसएस ही प्रणाली उभी राहिली. एकच अवाढव्य संगणक, आणि तो अनेकांनी आळीपाळीने वापरायचा. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि कोणी किती वेळ खाल्ला याचा हिशेब लागावा, म्हणून पासवर्ड आला. थोडक्यात, तिजोरीच्या किल्लीपेक्षा त्याचं नातं रेशनकार्डाशी जवळचं होतं. पीएचडी करणाऱ्या अॅलन शेर यांना आठवड्याला चारच तास मिळत आणि ते पुरत नसत. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्यांनी पंच कार्डावर (भोकं पाडून संगणकाला हुकूम द्यायचा पुठ्ठा) पासवर्डच्या फाइलचीच छपाई मागितली आणि शनिवारी सकाळी कागद उचलून आणले. वर ते पासवर्ड आणखी काही जणांना वाटून टाकले, म्हणजे दोष एकट्याच्या डोक्यावर नको! पंचवीसेक वर्षांनी त्यांनी स्वतःच ही कबुली दिली. पासवर्ड जन्माला येऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच तो चोरीलाही गेला आणि वाटलाही गेला.

वेबवर हेच दुखणं नव्वदच्या दशकात आलं. सुरुवातीच्या सशुल्क साइटींचं कुलूप फारच साधं होतं. ब्राउझर प्रत्येक पानासोबत नाव आणि पासवर्ड नव्याने पाठवायचा, सर्व्हर ते यादीशी ताडून पान द्यायचा. ‘हा माणूस आत आहे’ अशी वेगळी नोंदच नसायची. मग दुसरा त्याच नावाने शिरला तर पहिल्याला बाहेर काढणार कसं? मालकाच्या हाती उरायची फक्त सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे कोण कधी आलं याची नोंदवही. एकाच नावापुढे तासाभरात दहा वेगवेगळ्या ठिकाणचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) दिसले, की समजायचं, पासवर्ड गावभर झाला. या प्रकाराची मोठी झळ लागली ती प्रौढांसाठीच्या साइटींना. तिथले पासवर्ड याद्या करून वाटले जात. म्हणूनच आयपी मोजून खातं आपोआप गोठवणाऱ्या युक्त्या त्यांच्याकडे लवकर मुरल्या. सभ्य धंद्यांनी हा धडा कुठे गिरवला, हे कोणी मोठ्याने सांगत नाही, एवढंच.

पण आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. त्या काळी एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीचं कनेक्शन असलेला माणूस एका जागी बसून पानं चाळायचा आणि साइटीला मात्र त्याचा पत्ता दर थोड्या वेळाने बदललेला दिसायचा, कारण मधे कंपनीचे प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे ग्राहकांच्या वतीने पानं मागवणारे मध्यस्थ संगणक होते. कुलूप कडक केलं की हाच प्रामाणिक वर्गणीदार आधी बाहेर फेकला जायचा. आज आपल्याकडे गंगा उलटी वाहते. मोबाइल इंटरनेटवर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. तेव्हा एक माणूस अनेक जण भासायचा, आता अनेक जण एक भासतात.

सुटका झाली ती कुकीमुळे, म्हणजे साइटीने ब्राउझरकडे ठेवायला दिलेल्या छोट्या नोंदीमुळे. नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये ती आणली, आणि हळूहळू लॉगिन झालेल्याला एक ओळखचिठ्ठी देण्याची पद्धत रूढ झाली. आता एका खात्यावर किती चिठ्ठ्या फिरताहेत हे मोजता येऊ लागलं. नवा आला की जुन्याची चिठ्ठी रद्द, किंवा एका वेळी दोनच पडदे, हे नियम यातूनच आले. माझ्या मते छोट्या वर्गणीच्या साइटीला आजही एवढं पुरतं. मित्राला पासवर्ड देणाऱ्याला स्वतःलाच दर तासाला बाहेर पडावं लागलं, की उदारपणा आपोआप आटतो.

वाचकही काही कमी चलाख नव्हते. फुकट पण सक्तीची नोंदणी मागणाऱ्या साइटींवर ‘सायफरपंक्स’ हेच नाव आणि हाच पासवर्ड टाकून बघायची चाल होती. बऱ्याचदा दार उघडायचं. २००३ मध्ये बगमीनॉट नावाचं संकेतस्थळ आलं आणि अशा सार्वजनिक लॉगिनचं कोठारच तयार झालं.

कंपन्यांची भूमिका मात्र कायम सोयीची राहिली. धंदा वाढत होता तोवर त्यांनी चक्क कानाडोळा केला. एचबीओ या अमेरिकी वाहिनीचे प्रमुख रिचर्ड प्लेप्लर २०१४ मध्ये याला उत्तम जाहिरात म्हणाले होते. नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज २०१६ मध्ये म्हणाले, नवराबायको, मुलं असं रास्त वाटपही पुष्कळ असतं, तेव्हा हे धरूनच चालावं लागेल. २०१७च्या मार्चमध्ये तर ‘पासवर्ड वाटणं म्हणजे प्रेम’ अशा अर्थाचं ट्वीट कंपनीनेच केलं.

२०२२च्या पहिल्या तिमाहीत वर्गणीदार दोन लाखांनी घटले आणि प्रेम आटलं. तेव्हा पैसे भरणारी घरं सुमारे २२.२ कोटी होती, आणि त्यांच्या जिवावर बघणारी आणखी १० कोटींहून जास्त, असं कंपनीनेच भागधारकांना कळवलं. शेअर एका दिवसात ३५ टक्के कोसळला. चिली, कोस्टारिका आणि पेरूत घराबाहेरच्यांसाठी जादा पैसे घेण्याची चाचणी आधीच सुरू झाली होती. मे २०२३मध्ये अमेरिकेसह शंभरावर देशांत सक्ती झाली. अमेरिकेत घराबाहेरच्या माणसासाठी महिना ७.९९ डॉलर जादा भरायची सोय ठेवली. भारतात तीही दिली नाही. दर त्याआधीच उतरवले होते, तेव्हा ज्याने त्याने आपलं खातं काढावं, असा हिशेब.

कायद्याची वाटही चाचपून झाली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०११ मध्ये मनोरंजन सेवेचं लॉगिन असं वापरणं चोरीच्या कायद्यात बसवलं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. पण मुलाने आईला आपणहून दिलेल्या पासवर्डात अप्रामाणिकपणा शोधायचा कुठे? म्हणून प्रकरण कंपनीच्या अटींपाशीच येऊन थांबतं, आणि त्या अटींत घर म्हणजे एका छताखाली राहणारी माणसं. लातूरला वडील, पुण्याच्या हॉस्टेलवर मुलगी, न्यू जर्सीत मुलगा. रेशनकार्डावर नावं अजून एकत्रच असतील कदाचित, पण टीव्हीच्या लेखी ही तीन घरं आहेत.