बॅटरी बदलण्याआधी हे मोजा

गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसवतात आणि काही दिवसांत तीही उतरते. म्हणून आधी साधा डिजिटल मल्टिमीटर हाती घ्या.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू करून रेस थोडी वाढवली की 13.8 ते 14.7 यायला हवेत. आकडा वर चढलाच नाही तर बेल्ट आणि अल्टरनेटरचे (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) कार्बन ब्रश तपासा. 15 च्या वर गेला तर व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवायला संगणकच व्होल्टेज उतरवतो, तिथे हेडलाइट लावून मोजावं.

खरी फसगत होते ती मधल्या वायरींत. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. (बाही आणि वायरी बेल्टपासून लांब ठेवा.) इथे 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह, तिथेही तेवढंच. गंजलेल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाची धातूची कडी) फक्त 0.02 ओहम रोध असला, तरी 40 अँपिअर वाहताना 0.8 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, अल्टरनेटरने 14.2 दिले तरी बॅटरीला 13.4 च मिळतात. इतका बारीक रोध साध्या मीटरच्या ओहम रेंजवर नीट कळत नाही, म्हणून ही तपासणी प्रवाह वाहत असतानाच करायची. दोष सापडला की इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह काढा, जोड तारेच्या ब्रशने चकचकीत करा आणि घट्ट आवळा.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर 'तपासण्याची' पद्धत कृपया वापरू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) जळू शकतो.

चार्जिंग ठीक असूनही सकाळी बॅटरी उतरलेली असेल, तर उभ्या गाडीत काहीतरी वीज खातंय. इंजिन बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढा आणि ती व बॅटरी यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर जोडा. दारं लावून तासभर थांबा; गाडीतले सगळे कंट्रोलर (छोटे संगणक) झोपायला वेळ लागतो. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याखाली येते. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल त्या सर्किटमध्ये दोष आहे. कुठल्याच फ्यूजने पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, त्यातल्या शॉर्ट झालेल्या डायोडमधूनही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बॅटरी रात्रभर रिकामी होते.