सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये हीटर असतो का?

‘ड्रायर फिरतो पण कपडे गरम होत नाहीत, म्हणजे हीटर जळाला’ हा समज बराच जुना आहे.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमध्ये हीटर नसतोच. ती भोकांची टाकी मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेते, पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते आणि कपडे दमट निघतात. वाळवायचे काम दोरीवरच. नाव ‘ड्रायर’ असल्यामुळे गैरसमज होणारच!

खात्री करायची तर मशीनमागचे लेबल वाचा. स्पिनपुढचे वॅट शेकड्यांत असतात, तर गरम हवेच्या विजेवरच्या ड्रायरला बहुधा दोन हजारांच्या आसपास लागतात. फ्रंट लोडचे ‘वॉशर-ड्रायर’ मात्र वेगळे, त्यांत उष्णता असते.

कपडे निथळतच असतील तर आधी ड्रेन पाइप बघा. तो दुमडला किंवा उंच ठेवला की पाणी आतच साठते. मग कपडे नीट दाबून, सगळीकडे सारखे पसरून, वर जाळीचे झाकण ठेवा. टाकी धडधडत असेल तर बहुतेकदा दोष एका बाजूला गोळा झालेल्या चादरीचा. तरीही टाकी जडच फिरत असेल, तर मेकॅनिकला ब्रेक आणि कपॅसिटर तपासायला सांगा. ‘हीटर बदला’ म्हणाला, तर तो कुठे आहे ते दाखवायला लावा.