मंगोलियाची कला चंगीज खानापाशी थांबलेली नाही

मंगोलियन कला म्हणजे चंगीज खान, घोडे आणि मठांतली बौद्ध पटचित्रं, आजचं तिथं काही घडत नाही, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे.

२०१५ साली व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या आंतरराष्ट्रीय कला-प्रदर्शनात मंगोलियाचं पहिलं राष्ट्रीय दालन उघडलं. त्यातले कलाकार एन्खबोल्ड तोग्मिदशीरेव कॅनव्हासवर चक्क घोड्याची लीद वापरतात. शिवाय घडी घालून नेता येणारा तंबू ठिकठिकाणी उभारून सादरीकरण करतात. घोडा इथेही आहेच, पण किती वेगळा!

२०१७ मध्ये चित्रकार नोमिन बोल्ड डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पोहोचल्या. पारंपरिक 'मंगोल झुराग' शैलीतल्या बारीक रेषांतून त्या आजचं शहरी जगणं रंगवतात. अशा चित्रांना नुसतं 'लोककला' म्हणणं अन्यायाचं आहे. कलाकाराचं नाव घ्यायलाच हवं.