उपचारात्मक साहित्याची पार्श्वभूमी : वर्गोन्नतीचा नियम आणि गोव्यातील मराठी प्राथमिक शाळा

मागे राहिलेल्या मुलांसाठी लागणारे उपचारात्मक साहित्य कसे असावे, हे आपल्याकडे अध्यापनशास्त्रापेक्षा वर्गोन्नतीच्या नियमाने अधिक ठरवले आहे. मूल वर्षअखेर कोठे पोहोचले पाहिजे याविषयी कायदा जे म्हणतो, त्याप्रमाणे कृतिपत्रिकांचे स्वरूप बदलत गेले.

पोर्तुगीज काळात गोव्याच्या खेड्यांतील मराठी शिक्षण बव्हंशी शेणवी मामा म्हटल्या जाणाऱ्या गावच्या शिक्षकांच्या खाजगी शाळांतून चालत असे. अक्षरे गिरवणे आणि पाढे, पावकी, निमकी घोकणे असा तेथील क्रम असे, आणि मागचे पाठ झाल्याखेरीज पुढचे सहसा दिले जात नसे. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, तसे शिक्षण इयत्तांत, ठरावीक अभ्यासक्रमात आणि वार्षिक परीक्षेत बांधले गेले. जे मूल नापास झाले, त्याने तेच पुस्तक पुन्हा एक वर्ष वाचावे, एवढाच उपचार त्या व्यवस्थेला ठाऊक होता. १९९१ मध्ये देशपातळीवर किमान अध्ययन पातळ्या मांडल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक इयत्तेत नेमके काय आले पाहिजे याची यादी प्रथमच हाती आली. पुढे मुंबई आणि वडोदरा येथील बालसखी उपक्रमाने मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून मूलभूत कौशल्यांवर काम केले, आणि २००५ पासूनच्या ‘असर’ या घरोघर जाऊन केलेल्या शैक्षणिक पाहणीतून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी वाचनाची साधी उतरंड शिक्षकांच्या परिचयाची झाली. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न विचारता ते कोणत्या पायरीवर अडले आहे हे विचारायचे, हा विचार येथे रुजला.

यानंतर बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याची तरतूद आली. या तरतुदीवर जेवढे बोलले गेले, त्याच्या अंशानेही त्याच कायद्याच्या कलम २४ कडे लक्ष दिले गेले नाही. त्या कलमात शिक्षकाची दोन कर्तव्ये लागोपाठ येतात : संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे, आणि प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे. पहिल्या कर्तव्याची नोंद दैनंदिनीत तपासता येते. दुसऱ्याची तशी येत नाही. परिणाम असा झाला की पाठ्यपुस्तक वेळेवर संपत राहिले, आणि उपचारात्मक तास म्हणजे शाळा सुटल्यावर त्याच पाठाची उजळणी, असा अर्थ रूढ झाला. पाचवीतल्या ज्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्यापुढे पाचवीचाच उतारा मोठ्या टाइपात छापून ठेवल्याने काय साधणार? नापास न करण्याच्या धोरणाने मुले कच्ची राहिली, असे सर्रास म्हटले जाते. ते मला मान्य नाही. त्या धोरणाने मुलाच्या पातळीवर उतरण्यास वेळ मिळवून दिला होता. तो वेळ वापरता येईल असे साहित्य आपण तयार केले नाही.

याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला नियमित परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, आणि तरीही जमले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे संबंधित सरकारने ठरवायचे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने यासाठी नियम केले. त्यांत परीक्षा घोकंपट्टीवर नसावी आणि मुलाच्या अध्ययनातील उणिवा ओळखून मार्गदर्शन करावे, असे म्हटले आहे. हेतू चांगला आहे; पण दोन महिन्यांची मुदत साहित्यनिर्मात्याला साहजिकच पुनर्परीक्षेच्या प्रश्नप्रकारांकडे ओढते. ५२ मधून २७ वजा करताना ३५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा हा स्वतःचा नियम ते इमानाने पाळत असते. त्याला सरावाची पन्नास उदाहरणे दिली तर तोच चुकीचा नियम पन्नास वेळा पक्का होतो. येथे काड्यांचे गठ्ठे सोडून दशकाचे सुटे करण्यापासून आरंभ करावा लागतो, आणि त्याला लागणारा अवधी निकालाच्या तारखेवरून मोजता येत नाही.

गोव्यात याला भाषेचा पदर आहे. शाळेच्या माध्यमाचा वाद, प्रादेशिक भाषांच्या माध्यमातील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचा १९९० चा निर्णय आणि इंग्रजी माध्यमालाही ते खुले करणारा २०११ चा बदल अनेकांना ठाऊक आहेत. त्या वादात माध्यम कोणते यावर सगळी शक्ती खर्च झाली आणि त्या माध्यमात अडखळणाऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न बाजूला पडला. घरी कोंकणी बोलणारे मूल मराठी पुस्तकातील ‘आहे’ पाहून ‘आसा’ म्हणते, तेव्हा त्याला शब्दाचा अर्थ कळलेला असतो; अशा मुलाला मुळाक्षरांकडे परत नेणे अन्यायाचे आहे. याउलट कन्नड बोलणाऱ्या मजूर कुटुंबातील मूल ‘आहे’ अचूक वाचेल, पण निर्जीव वस्तूंनाही पुल्लिंग-स्त्रीलिंग लावणारी मराठीची रीत त्याच्या घरच्या भाषेत नसल्याने ‘ती खुर्ची’ आणि ‘तो पंखा’ येथे अडेल. निदानात्मक चाचणीत दोघांना सारखेच गुण पडू शकतात. म्हणून मोठ्याने वाचून घेणे, चूक जशीच्या तशी टिपणे आणि मग साहित्य निवडणे, हा क्रम येथे टाळता येत नाही. अन्यत्र तयार झालेल्या मराठी कृतिपत्रिका जशाच्या तशा आणल्या की हा भेद हरवतो.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान अभियानाने तिसरीअखेर समजून वाचणे आणि मूलभूत गणित येणे हे उद्दिष्ट ठेवले व त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवले. कोविडमुळे मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्याची झळ तेव्हा ताजी होती. अभियानाचा रोख पहिली ते तिसरीकडे असल्याने चौथी-पाचवीत अडकलेल्या मोठ्या मुलांचा प्रश्न मात्र उरतोच. त्यांना वाचनाची पायरी पहिलीची हवी असते, पण विषय त्यांच्या वयाचा : रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे), कुळागर (पोफळी-माडांची बाग), फेरीबोट, गावची जत्रा. ‘कमल नमन कर’ असली वाक्ये दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवली की ते पान लपवते.

गोव्यातील अनेक सरकारी प्राथमिक शाळांची पटसंख्या आता फार थोडी आहे आणि एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. पाठ्यपुस्तकावर आधारलेल्या वर्गात ही अडचणच ठरते, परंतु पायरीनुसार गट करायचे झाल्यास चौथीचे आणि दुसरीचे मूल एका चटईवर बसवायला येथे कोणाचीही वेगळी परवानगी लागत नाही. मात्र शिक्षक दुसऱ्या गटाकडे वळलेला असताना मुलाला स्वतः हाताळता येईल, चूक झाली की कार्डाच्या मागच्या बाजूवरून स्वतःलाच पडताळता येईल आणि सूचना चित्रांतून कळतील, असे साहित्य त्यासाठी हवे. आणि जे मूल सूचनाच वाचू शकत नाही त्याच्यासाठी लेखी सूचनांची कृतिपत्रिका छापणे आधी थांबवायला हवे.