‘गर्ल’ म्हणजे पूर्वी मुलगासुद्धा

‘गर्ल’ हा शब्द इंग्रजी लिखाणात इ.स. १३००च्या सुमारास दिसू लागतो. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, कोणतंही लहान मूल ‘गर्ल’च होतं. नेमका मुलगाच म्हणायचा असेल तर ‘नेव्ह गर्ल’ म्हणत. त्यातला ‘नेव्ह’ म्हणजे पोरगा.

विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या १४व्या शतकातल्या काव्यात ‘विद्या’ बाईच्या रूपात येते आणि सांगते, की ‘गर्ल्स’साठी व्याकरण आधी मीच लिहवून घेतलं. त्या काळी शाळेत लॅटिन व्याकरण घोकत ते बहुतेक मुलगेच. आजचा अर्थ मनात धरून ही ओळ वाचली, तर मध्ययुगात मुलींच्या शाळा भरत होत्या असा भलताच समज होईल.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात अर्थ मुलींपुरता आकसू लागला. ‘बॉय’ हा शब्द आधी नोकर किंवा हलक्या दर्जाचा माणूस या अर्थी होता, तो मुलग्यांकडे सरकला. या दोन बदलांचा एकमेकांशी संबंध असावा, असं मला वाटतं. ‘वेंच’ या दुसऱ्या इंग्रजी शब्दाची वाट अशीच, पण जास्त क्लेशकारक: आधी कोणतंही मूल, मग मुलगी, मग चवचाल बाई.

‘गर्ल’चं मूळ मात्र सापडलेलं नाही. कोणी ते उत्तर जर्मनीच्या बोलीतल्या, मूल या अर्थाच्या ‘गोर’ शब्दाशी जोडतात, तर कोणी जुन्या इंग्रजीतल्या वस्त्रवाचक शब्दाशी. यातलं काहीच सिद्ध झालेलं नाही.

१७व्या शतकात प्रेयसी आणि मोलकरीण हे अर्थही जोडले गेले आणि शब्दाची वयाशी असलेली गाठ सैल झाली. याचा सर्वांत क्रूर वापर अमेरिकेत झाला. गुलामगिरीत, आणि ती संपल्यावरही, गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रीला केस पिकले तरी ‘गर्ल’ आणि पुरुषाला ‘बॉय’च म्हणत. कार्यालयांत प्रौढ स्त्रियांनाही सर्रास ‘गर्ल्स’ म्हटलं जाई. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या स्त्रीमुक्ती चळवळीने त्यावर बोट ठेवलं, आणि ते योग्यच होतं. पुढे १९९०च्या दशकारंभी अमेरिकेतल्या ऑलिंपिया शहराच्या परिसरातल्या ‘पंक’ या बंडखोर रॉक संगीतातल्या तरुण गायिका-वादकांनी हाच शब्द आपणहून उचलला. आपल्या चळवळीला त्यांनी ‘रायट गर्ल’ म्हटलं, आणि लिहिताना ‘गर्ल’मधून ‘आय’ काढून टाकून ‘आर’ तीनदा लिहिला, म्हणजे उच्चारताना त्यात गुरगुर ऐकू यावी.