काचेवरून निखळलेला आरसा

मे महिन्यात विदर्भात दिवसभर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे दार उघडावे, तर आतला आरसा पुढच्या काचेवरून निखळून आसनावर पालथा पडलेला असतो. अशा वेळी बहुतेकांचा हात घरातल्या झटपट डिंकाच्या नळीकडे जातो. आरसा मिनिटभरात बसतोही. तो किती दिवस टिकेल, हा प्रश्न वेगळा.

बऱ्याच मोटारींत आरसा थेट काचेला चिकटवलेला नसतो. काचेवर धातूची एक छोटी चकती चिकटलेली असते आणि आरशाची दांडी तिच्यावर सरकवून बारीक स्क्रूने आवळलेली असते. खरी गोम या चकतीत आहे. जस्ताच्या मिश्रधातूची चकती तापल्यावर काचेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. 2 सेंटिमीटर रुंदीची चकती 40 अंशांनी तापली, तर दोहोंच्या वाढीत सुमारे 14 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा फरक पडतो. हा फरक नगण्य वाटतो खरा, परंतु मधला डिंकाचा थरही तसाच पातळ असतो आणि ही ओढाताण त्याला रोज सोसावी लागते. झटपट डिंकातले सायनोअॅक्रिलेट घट्ट होताना ठिसूळ बनते, त्यामुळे ते अशा ताणाला फार काळ पुरे पडत नाही.

आरशासाठी म्हणून जो डिंक मिळतो, त्याचा एक प्रकार मोठा गमतीचा आहे. प्राणवायू मिळत राहिला, तर तो पातळच राहतो. म्हणून त्याची बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते (ग्राहकाला फसवण्यासाठी नव्हे). दोन पृष्ठभागांत दाबला जाऊन त्याची हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला, की तो घट्ट होतो. काचेकडून हा धातू मिळत नसल्याने सोबतच्या छोट्या कुपीतला किंवा पुडीतला पूरक द्रव आधी लावावा लागतो. तो वगळला, किंवा ‘असू द्या थोडा जास्त’ म्हणून डिंकाचा जाड थर दिला, तर आतला भाग चिकचिकीत राहतो. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा डिंक येथे बेभरवशाचा, कारण चकती अपारदर्शक असल्याने प्रकाश बाहेरूनच यायला हवा आणि पुढच्या काचेच्या दोन थरांमधला प्लॅस्टिकचा पडदा नेमके तेच किरण अडवतो.

चिकटवण्यापूर्वी जुन्या जागेची खूण काचेच्या बाहेरून पेनाने करून घ्यावी, जुना डिंक ब्लेडने खरवडावा आणि ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. डॅशबोर्डच्या पॉलिशमधले सिलिकोन काचेवर बसले असेल, तर कोणताच डिंक धरत नाही. पुसलेल्या जागेवर तोंडाची वाफ सोडून पाहावी : धुके सलग उमटले, तर काच स्वच्छ, ठिपके किंवा पट्टे दिसले, तर पुन्हा पुसावे. मग सावलीत, काच गार असताना, एकच थेंब लावून चकती मिनिटभर न हलवता दाबून धरावी आणि आरसा दुसऱ्या दिवशीच चढवावा. स्क्रू बेताने आवळावा, कारण तो जोराने पिळला, तर चकती सुटण्याऐवजी काचेलाच तडा जाऊ शकतो.